हप्ता पैशाचा नको, वस्तूचा हवा

ईद जवळ आली किंवा दहावी-बारावीचा निकाल लागला की आजकाल जव्हार-मोखाड्यातील आपल्या घरांतूनही एक मागणी हमखास ऐकू येते : गेम खेळता येईल असा संगणक घेऊन द्या. घड्याळ आणि सायकलीचे दिवस गेले. काही वडीलमंडळी ही मागणी ऐकूनच संतापतात, तर काही जण शोरूममध्ये जाऊन रंगीत दिवे लुकलुकणारा तयार डबा हप्त्याने उचलून आणतात. प्रस्तुत लेखकाला हे दोन्ही मार्ग पसंत नाहीत.

संताप समजण्यासारखा आहे. खेळाच्या नावाखाली जुगार घराघरांत शिरला होता. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला. आपल्यासाठी मात्र जुगार त्याआधीही हरामच होता. परंतु ते जुगारी खेळ बहुतांशी खिशातल्या मोबाइलवर चालत. ज्या ग्राफिक्स कार्डावर मुलगा मोटारींची शर्यत खेळतो, त्याच कार्डावर घराचा नकाशा, लग्नाची चित्रफीत आणि साडीची डिझाइनही तयार होते. भिवंडी-मालेगावच्या कारागिराला तर हे नवे वाटू नये. जॅकार्डच्या मागावर भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांनी नक्षी विणली जाई, तीच कल्पना एकोणिसाव्या शतकात चार्ल्स बॅबेजने आपल्या गणकयंत्रासाठी घेतली. संगणकाच्या वंशावळीत आपला मागही आहे!

आता हप्त्याविषयी. ‘नो कॉस्ट ईएमआय’ ही पाटी वाचून पुष्कळ दीनदार माणसेसुद्धा समाधान मानतात की यात व्याज नाही. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी काही चीज अस्तित्वात नाही. सूट म्हणून जी रक्कम दाखवतात तिच्यात व्याज दडवलेले असते, आणि क्रेडिट कार्डावर त्या व्याजावर जीएसटी वेगळा लागतो. भाच्याला खुशीची भेट द्यायची आणि तिच्या पोटात सूद ठेवायचे, हे कोणते देणे झाले?

सुटे भाग घेऊन जोडलेल्या संगणकाचा मोठा गुण हाच की तो टप्प्याटप्प्याने घेता येतो. पैशाचा हप्ता न करता वस्तूचा हप्ता करावा. मात्र यातही हिशेब आहे. दरमहा एक भाग आणून कपाटात ठेवला तर त्याची वॉरंटी कपाटातच सरत जाते आणि माल बिघडलेला निघाला तर ते कळायला सहा महिने लागतात. म्हणून पहिल्याच खेपेस चालू होईल एवढे यंत्र पूर्ण करावे व महागडे कार्ड पुढच्या ईदवर ठेवावे.

यासाठी प्रोसेसर असा निवडावा ज्यात चित्र दाखवण्याची सोय आतच आहे. उदाहरणार्थ एएमडीचा रायझन ५ ५६००जी. त्यावर हलके खेळ व अभ्यास दोन्ही चालतात. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअंती ‘एफ’ असतो, जसे आय५-१२४००एफ, त्यात ही सोय नसते. तो थोडा स्वस्त मिळतो म्हणून घेतला आणि कार्ड नंतर घेऊ म्हटले, तर तोवर पडदा काळाच राहील. मेमरी १६ जीबी घ्यावी, पण आठ-आठच्या दोन पट्ट्यांत. आतले ग्राफिक्स याच मेमरीवर चालते, त्यामुळे दोन पट्ट्यांनी वेग वाढतो. डीडीआर४ आणि डीडीआर५ या पट्ट्या एकमेकींच्या जागी बसत नाहीत, तेव्हा मदरबोर्ड कोणता ते आधी पाहावे. मेमरीची खरेदी पुढे ढकलून पैसे वाचतील असेही समजू नये. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांकडे कारखान्यांचा माल वळला आणि मेमरीचे भाव कडाडले.

काटकसर करू नये असा भाग एकच, पॉवर सप्लाय. कापडाच्या धंद्यातला प्रत्येक जण खळ ओळखतो. खळ दिलेले थान हाताला कडक, दिसायला भरीव. एका धुण्यात त्याची जाळी होते. काचेचे कॅबिनेट आणि रंगीत दिवे ही संगणकाची खळ समजावी. दुकानदार डब्याबरोबर जो बिननावाचा सप्लाय ‘फुकट’ देतो तो नाकारावा व ‘८० प्लस’ प्रमाणपत्राचा, नामांकित कंपनीचा, ५५० वॅटचा घ्यावा. पुढे आरटीएक्स ४०६० सारखे ११५ वॅटचे कार्ड बसवले तरी तो पुरतो. आपल्याकडे याची निकड अधिक आहे. जव्हार शहरात वा वावरसारख्या गावात पावसाळ्यात वीज केव्हा जाईल आणि आल्यावर किती दाबाने येईल याचा नेम नसतो. घरात अर्थिंग आहे का ते संगणकाआधी तपासून घ्यावे. यूपीएस घेताना लक्षात ठेवावे की ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो. विजा कडाडू लागल्या की प्लगच काढून ठेवावा, यूपीएसवर विसंबू नये.

खरेदीला मुंबईचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. भडकमकर मार्ग, आजही सोयीचा. ग्रँट रोड स्टेशनला उतरून चालत जाता येते. दोन-चार दुकानांत भाव विचारावा, पण ‘बिलाशिवाय इतके’ असे ऐकताच पुढे निघावे. अठरा टक्के जीएसटी वाचला तरी बिल नसेल तर वॉरंटीसाठी भांडणार कशाच्या जोरावर? जव्हारहून पुन्हा मुंबईची खेप म्हणजे एक दिवसाचा रोजगार व भाडे. बिलावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर लिहून घ्यावा.

जुने कार्ड स्वस्तात मिळते तेव्हा ते पूर्वी कोठे चालत होते ते विचारावे. आभासी चलन काढण्यासाठी महिनोन्‌महिने रात्रंदिवस राबवलेली हजारो कार्डे, सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमची पद्धत बदलल्यावर, जुन्या बाजारात आली. कापडात ‘सेकंड’ माल ‘सेकंड’ म्हणूनच विकावा लागतो, ऐब सांगून. संगणकाच्या धंद्यात उतरलेल्या आपल्या तरुणांनी हीच रीत पाळली तर मुंबईची खेप करणारे कित्येक ग्राहक त्यांच्याच दुकानी येतील.

आणि भाग घरी आले की ते मुलालाच जोडू द्यावेत, शेजारी जाणता माणूस बसवून. खोके वॉरंटी संपेपर्यंत टाकू नयेत.