अनुवादांचं कपाट रिकामं होऊ देऊ नका

मागच्या महिन्यात पुस्तक परत करायला वाचनालयात गेले, तेव्हा ग्रंथपालबाई रजिस्टरवर वाकून दाखल क्रमांक उतरवून घेत होत्या. विचारलं तर म्हणाल्या, "निर्लेखनाची यादी करतेय. वर्षानुवर्षं कुणी नेलीच नाहीत ती पुस्तकं काढायची. जागा कुठाय?" मी यादी हातात घेतली. निम्म्याहून जास्त पुस्तकं एकाच कपाटातली निघाली. भिंतीकडच्या त्या लोखंडी कपाटावर कुणीतरी फार पूर्वी पांढऱ्या रंगानं लिहिलंय : अनुवादित.

बाईंचा दोष नाही. दहा वर्षं ज्या पुस्तकावर तारखेचा शिक्का पडला नाही, ते कशाच्या जोरावर ठेवणार? दोष आमचा आहे, नेणाऱ्यांचा. म्हणून हे लिहिते आहे.

आमचं गाव मिरजेच्या बाजूचं. कन्नड आमच्या बाजारात रोज कानावर पडते. पण कन्नड घराच्या माजघरात आम्ही पहिल्यांदा गेलो ते या कपाटातून. एस. एल. भैरप्पांची 'वंशवृक्ष', उमा कुलकर्णी यांच्या मराठीतली. आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि तिला दिवस खायला उठायचा. दुपारची झाकपाक झाली की आई तिच्या उशाशी बसून वाचून दाखवायची. मी पाटावर डोकं टेकून ऐकायची.

नंजनगूडचे श्रीनिवास श्रोत्री आजीला फार आवडले. त्यांची शुचिता, त्यांचं बोलणं. मग त्यांची विधवा सून कात्यायनी म्हैसूरला कॉलेजात जाऊ लागली, पुन्हा प्रेमात पडली, लग्न करून गेली आणि लहानगा मुलगा सासऱ्यांकडेच राहिला. तिथं आजी म्हणाली, "पुरे. मिटव ते." पुस्तक दोन दिवस कोनाड्यात पडून होतं. तिसऱ्या दिवशी तिनंच विचारलं, "त्या पोरीचं पुढं काय झालं गं?"

पुढचं वाचून होईस्तोवर संध्याकाळ झाली. आणि मग आजी आक्कांबद्दल बोलायला लागली. आक्का म्हणजे तिची नणंद, एकोणिसाव्या वर्षी विधवा झालेली. आमच्याच घरात त्या चाळीस वर्षं राहिल्या, आमच्या वेण्या घातल्या, लोणची घातली, आणि आम्ही कधी काही विचारलं नव्हतं. "आक्कालाही शिकायचं होतं. मामंजी नको म्हणाले. मी पण काही बोलले नाही," आजी म्हणाली. हे वाक्य आमच्या घरात त्या दुपारपर्यंत कुणी उच्चारलं नव्हतं. स्वतःच्या घरातलं बोलायला आजीला नंजनगूडपर्यंत जाऊन यावं लागलं.

ती कादंबरी मराठीत कशी आली, हेही एका घराचंच काम आहे. उमाताई कन्नड पुस्तक स्वतः वाचत नसत. त्यांचे पती विरूपाक्ष कुलकर्णी वाचून दाखवत आणि त्या ऐकून मराठीत उतरवत. विरूपाक्ष मराठी साहित्य कन्नडमध्ये नेत. नवरा-बायकोनं मिळून दोन भाषांमध्ये एवढी ये-जा केल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. १९८९ मध्ये या अनुवादाला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. तेच पुस्तक आज आमच्या यादीत आहे, आणि त्यापुढे शेरा आहे : 'मागणी नाही.'

त्याच कपाटात 'पाडस' आहे. मार्जोरी रॉलिंग्ज यांची फ्लोरिडातल्या जंगलाकाठच्या गरीब शेतकरी कुटुंबाची गोष्ट, राम पटवर्धनांनी मराठीत आणलेली. वडिलांनी एका उन्हाळ्यात आम्हा भावंडांना ती गच्चीवर वाचून दाखवली. जिवापाड वाढवलेलं पाडस उभं पीक खातं म्हणून मारायची वेळ येते, ते पान वाचताना त्यांचा आवाज बसला. आमच्या वडिलांना रडू येतं हे आम्हाला त्या रात्री कळलं.

आणि परवा-परवाची गोष्ट. माझ्या लेकीनं खालिद हुसैनींची 'द काइट रनर' मराठीत वाचली. काबूलच्या एका सधन घरातला मुलगा आणि त्याच घरच्या हजारा जमातीच्या नोकराचा मुलगा, दोघे एकत्र पतंग उडवतात, पण एका ताटात जेवत नाहीत. पुस्तक खाली ठेवून तिनं मला विचारलं, "आई, मावशींचा राहुल आपल्याकडे इतक्यांदा येतो. तो स्वयंपाकघरात कधी जेवलाय?" मावशी म्हणजे आमच्याकडे कामाला येतात त्या. माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या रविवारी राहुल आमच्याबरोबर जेवला. मला अजूनही वाटतं, ती हाक मी आधीच मारायला हवी होती.

साने गुरुजींनी तमिळ 'कुरल' मराठीत आणलं आणि १९४९ च्या पुण्याच्या साहित्य संमेलनात आंतरभारतीचा विचार मांडला. एका प्रांतानं दुसऱ्याची भाषा शिकावी, त्याचं साहित्य आपलं म्हणावं, हे त्यांचं मागणं होतं. त्याच्याही आधी मामा वरेरकरांनी शरदचंद्रांचा बंगाल मराठी घरांत आणून सोडला होता. हे सगळं कष्टानं घरापर्यंत आलेलं आहे. ते आपण रद्दीत घालायचं?

कुणी म्हणेल, आता मुलं इंग्रजीतून वाचतात, हवं ते फोनवर मिळतं. वाचू देत, चांगलंच आहे. पण इंग्रजी पुस्तक माझ्या लेकीपाशी थांबतं, ते आईच्या उशाशी जात नाही. आजी, आई आणि नात तिघींच्या हातांतून फिरेल अशी प्रत मराठीचीच असते. फोनवरचं पुस्तक ज्याचं त्याच्या कानाशी, ज्याचं त्याच्या डोळ्यांपुढे. घरात त्यावरून भांडण होत नाही, आणि मला ते भांडण हवं आहे.

१९६७ च्या ग्रंथालय कायद्यामुळे महाराष्ट्रात गावोगाव शासनमान्य वाचनालयं उभी राहिली. अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार त्यांना अनुदान मिळतं. पण कपाटातलं कोणतं पुस्तक जगेल हे मंत्रालयात ठरत नाही. ते देवघेवीच्या टेबलावर ठरतं, शिक्क्यानं. म्हणून माझी विनंती साधी आहे. तुमच्या गावातल्या, पेठेतल्या वाचनालयात या आठवड्यात जा. सभासद नसाल तर व्हा. वर्षाची वर्गणी एका सिनेमाच्या तिकिटांपेक्षा फार जास्त नसते. अनुवादांचं कपाट कुठे आहे ते विचारा आणि त्यातलं एक पुस्तक घरी न्या. कानडी, बंगाली, मल्याळी, अफगाण, अमेरिकन, कुठल्याही घरातलं. रात्री जेवणं झाल्यावर वीस मिनिटं कुणीतरी एकानं मोठ्यानं वाचावं. कंटाळा आला तर बदलून आणा, बदललेल्या पुस्तकावरही शिक्का पडतोच. शिक्षक असाल तर वर्गातल्या पोरांना तिथवर चालत न्या. कार्यकारिणीवर असाल तर निर्लेखनाची यादी मंजूर करण्याआधी महिनाभर फलकावर लावा. लोकांना कळू द्या काय जाणार आहे.

आमच्या ग्रंथपालबाईंकडून मी दिवाळीपर्यंतची मुदत मागून घेतली आहे. यादीत एकशे बारा पुस्तकं आहेत. 'वंशवृक्ष' मी आईच्या नावावर घेतलं, तिची आता ऐंशी उलटली आहे, या वेळी वाचून दाखवणारी मी. 'पाडस' भावानं नेलं. शेजारच्या सूनबाईंनी दोन नेली, पोस्टातल्या काकांनी एक. एकशे सात उरली आहेत. वाचनालय सोमवार सोडून रोज संध्याकाळी पाच ते आठ उघडं असतं. येताना घरातलं आणखी एक माणूस बरोबर आणा.