विश्लेषण : वाढत्या स्पर्धेत ई-विक्री कंपन्यांचे समभाग तग धरतील?

पुण्याच्या ‘फर्स्टक्राय’ आणि मुंबईच्या ‘नायका’ या ई-विक्री कंपन्यांच्या समभागांची बाजारातील सुरुवात दणक्यात झाली. पुढे मात्र दोन्ही समभाग आयपीओच्या किमतीखाली घसरले. मोबाइलवर डीमॅट खाते उघडता येत असल्याने आता भोर-वेल्ह्यातला नवखा गुंतवणूकदारही असे समभाग घेऊ शकतो. त्यामुळे या कंपन्या स्पर्धेत टिकणार का, हा प्रश्न केवळ दलाल स्ट्रीटचा उरलेला नाही.

पहिल्या पिढीचे काय झाले?

अजित बालकृष्णन यांनी १९९६ मध्ये मुंबईत सुरू केलेली ‘रेडिफ’ जून २००० मध्ये अमेरिकेच्या नॅसडॅकवर सूचिबद्ध झाली. बातम्या, ई-मेल, खरेदी असे सगळे तिच्याकडे होते. मात्र ई-मेलमध्ये गूगल आणि खरेदीत फ्लिपकार्ट-अ‍ॅमेझॉन पुढे निघून गेले. २०१६ मध्ये रेडिफ नॅसडॅकवरून बाहेर पडली. २०२४ मध्ये तिचा ५४ टक्के हिस्सा इन्फिबीमने अवघ्या २५ कोटी रुपयांत घेतला. मुंबईचीच ‘बाझी’ २००४ मध्ये ‘ईबे’ने विकत घेतली, ‘ईबे’चे भारतीय संकेतस्थळही २०१८ मध्ये बंद झाले.

अमेरिकेचा धडा काय?

खेळणी विकणाऱ्या ‘ईटॉईज’चा समभाग मे १९९९ मध्ये २० डॉलरला विक्रीस आला आणि पहिल्याच दिवशी तिपटीहून अधिक वधारला. जाहिराती आणि गोदामांवरील खर्च मात्र विक्रीतून भरून निघेना. मार्च २००१ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. अ‍ॅमेझॉन तगली, पण तिचा समभागही डिसेंबर १९९९ ते सप्टेंबर २००१ या काळात ९० टक्क्यांहून अधिक कोसळला. जुना उच्चांक पुन्हा गाठायला सुमारे दहा वर्षे लागली. म्हणजेच कंपनी टिकणे आणि समभागातून नफा होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

फर्स्टक्राय, नायकाची स्थिती कशी?

२०१० मध्ये स्थापन झालेल्या फर्स्टक्रायचा ४६५ रुपयांचा समभाग ऑगस्ट २०२४ मध्ये ६५१ रुपयांवर सूचिबद्ध झाला. २०२५ मध्ये तो ४०० रुपयांच्याही खाली गेला. २०२३-२४ मध्ये कंपनीचा महसूल सुमारे ६,४८० कोटी, तर तोटा ३२१ कोटी रुपये होता. नायकाचा समभाग नोव्हेंबर २०२१ मध्ये पहिल्याच दिवशी जवळपास दुप्पट झाला, वर्षभरात निर्गम किमतीखाली आला आणि २०२५ मध्ये पुन्हा सावरला.

स्पर्धा कुठून आहे?

रिलायन्सने एप्रिल २०२३ मध्ये ‘टिरा’ आणून नायकाला थेट आव्हान दिले. फर्स्टक्रायसमोर अ‍ॅमेझॉन-फ्लिपकार्ट आहेतच. शिवाय ब्लिंकिट, झेप्टो, इन्स्टामार्ट काही मिनिटांत डायपर घरपोच देतात. दुसऱ्याच्या ब्रँडचा डायपर सगळीकडे सारखाच मिळतो. मग ग्राहक किंमत आणि वेळ पाहतो. विक्रेत्याला सूट द्यावी लागते आणि नफा आटतो.

तग धरण्याचा मार्ग कोणता?

स्वतःचा ब्रँड हा एक मार्ग. फर्स्टक्रायच्या ‘बेबीहग’चे कपडे इतरांना स्वस्तात विकून तिचे गिऱ्हाईक पळवता येत नाही. दुसरा आधार दुकानांचा : बाळाचे कपडे हाताळून घेणारा ग्राहक तिथे येतो. ‘ईटॉईज’कडे हे दोन्ही आधार भक्कम नव्हते. मात्र दुकानाचे भाडे, पगार आणि पडून राहिलेला माल हा खर्च त्यासोबत येतोच.

गुंतवणूकदाराने काय पाहावे?

केवळ विक्रीची वाढ पाहून भागत नाही. एका ऑर्डरमागे सूट, पोहोचवण्याचा खर्च आणि जाहिरात वजा जाता काय उरते, स्वतःच्या ब्रँडचा वाटा वाढतो का आणि तोटा दरवर्षी घटतो का, हे तपासायला हवे. त्यानंतरचा प्रश्न समभागाच्या किमतीचा. चांगली कंपनीही अवाच्या सवा भावाने घेतली, तर घातलेले पैसे वसूल होण्यासाठी अनेक वर्षे थांबावे लागते. कर्ज काढून किंवा पुढच्या हंगामाचे पैसे घालून समभाग घेणाऱ्याला तेवढे थांबणे परवडत नाही.