दोन ओळींची दुरुस्ती, पण ती लावायची कुणी?

मंडळी, आजचा विषय थोडा तांत्रिक आहे. पण तो जन्मदाखला आणि मिळकतकराच्या पावतीपर्यंत येऊन पोचतो, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

२० जुलै २०२१ ला क्वालिस या सायबर सुरक्षा कंपनीने (पुण्यात हिचं मोठं ऑफिस आहे) लिनक्सच्या कर्नलमधली एक चूक जाहीर केली. तिला नाव दिलं ‘सिक्वोया’. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. डिस्क, मेमरी, फाइली, सगळ्यांवर त्याचाच ताबा. चूक होती फाइल सिस्टीमच्या भागात आणि होती साध्या मोजमापाची.

कर्नलला काही माहिती मजकूर म्हणून दाखवायची असली की तो मेमरीत जागा घेतो. मजकूर मावला नाही तर जागा दुप्पट करतो. या जागेचं माप ६४ बिटांच्या आकड्यात ठेवलं जात होतं, पण पुढे एके ठिकाणी तेच माप ३२ बिटांच्या आकड्यात कोंबलं जात होतं. या लहान आकड्याची कमाल मर्यादा २,१४,७४,८३,६४७. त्यावर एक जरी वाढला तरी आकडा थेट उणे होतो. कुणी मुद्दाम फोल्डरात फोल्डर करत एक जीबीपेक्षा लांब पाथ तयार केला, की जागा दोन जीबीची होणार, माप उणे होणार आणि कर्नल स्वतःची हद्द सोडून भलतीकडेच लिहिणार. याचा फायदा घेऊन साध्या युजरला अख्ख्या मशीनचा ताबा मिळवता येत होता. २०१४ पासून ही चूक तिथे होती.

आता दुरुस्ती ऐका. माप ठरावीक मर्यादेपुढे गेलं तर जागा द्यायचीच नाही. बस्स, दोन ओळींचा कोड! चूक जाहीर झाली त्याच दिवशी दुरुस्तीही उपलब्ध होती.

माझा मुद्दा इथून सुरू होतो. दुरुस्ती लिहून झाली म्हणजे ती आपल्या मशीनवर आली असं नाही. कुणीतरी अपडेट चालवावं लागतं आणि कर्नलचं अपडेट असेल तर बहुतेक वेळा मशीन रीस्टार्टही करावं लागतं. सरकारी कार्यालयात हे काम नक्की कुणाचं? मशीन पुरवणाऱ्याचं, सॉफ्टवेअर बनवणाऱ्याचं की तिथल्या कर्मचाऱ्याचं? टेंडरमध्ये हे स्पष्ट लिहिलेलं नसेल तर प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

‘अपडेट केलं की चालू सॉफ्टवेअर बंद पडतं’ ही तक्रार मला माहीत आहे आणि ती खोटी नाही. पण त्यावर उपाय आहे. आधी चाचणीच्या एका मशीनवर लावून बघा, मग रविवारी बाकीच्यांवर लावा. आयटीच्या या शहरात हे शेकडो कंपन्यांमध्ये रोज चालतं.

पावसाळ्याआधी नालेसफाई झाली का, हे आपण महापालिकेला दरवर्षी विचारतो. पाणी घरात शिरल्यावर विचारून उपयोग नसतो, हे आपल्याला अनुभवाने कळलंय. आपल्या नोंदी ज्या मशीनवर आहेत, त्यांच्याबद्दल मात्र कुणी काहीच विचारत नाही.

म्हणून मागण्या तीनच. प्रत्येक टेंडरमध्ये अपडेटची जबाबदारी नावानिशी लिहा. दुरुस्ती आल्यावर किती दिवसांत लावायची ती मुदत ठरवा, आणि चुकली तर दंड. शेवटचं अपडेट कधी झालं ती तारीख वेबसाइटवर टाका. यातून कुठलंही गुपित फुटत नाही.

आपल्या प्रभागात मतं मागायला येणाऱ्यांना रस्ते, पाणी, कचरा याबरोबर हाही प्रश्न विचारा. उत्तर काय मिळालं ते खाली जरूर लिहा.