भीति आणि श्रद्धा

वार्षिक परीक्षेच्या दिवशीं सकाळच्या प्रार्थनेला एरवीं न दिसणारीं तोंडें दिसूं लागतात, हें सर्वांच्या परिचयाचें आहे. डोळे घट्ट मिटलेले, ओंठ पुटपुटत असलेले आणि मागणें बहुधा एकच: "देवा, गणिताचा पेपर सोपा येऊं दे!" या मागण्याला हंसण्याचें कारण नाहीं. भ्यालेल्या जीवानें आधार शोधावा हें स्वाभाविकच आहे. परंतु पेपर कठीण निघाला म्हणजे तोच विद्यार्थी म्हणतो, "देवानें माझें ऐकलें नाहीं." येथें मात्र त्याची चूक होते, असें आम्हांस नम्रपणें सुचवावयाचें आहे. श्रद्धा हा संकट टाळण्याचा ताईत नव्हे. संकट समोर उभें असतां पाऊल पुढें टाकण्याचें बळ ती देते.

पंडिता रमाबाईंचें चरित्र पाहा. सन १८५८ मध्यें जन्मलेल्या या बाईंनीं ऐन तारुण्यांत दुष्काळापायीं आईबाप व वडील बहीण गमावलीं. पुढें भाऊ गेला. आणि १८८२ सालीं, लग्नाला पुरतीं दोन वर्षेंही झालीं नव्हतीं तोंच, पतीचें पटकीनें निधन झालें. पदरीं तान्ही मुलगी होती. पुढें १८९६ सालीं मध्यप्रांतांत दुष्काळ पडला, तेव्हां ह्याच बाई तेथें स्वतः गेल्या आणि अन्नावांचून मरणाच्या दारीं टेकलेल्या मुली व स्त्रिया त्यांनीं आपल्या आश्रयास आणल्या. ज्या भुकेनें त्यांचें घर गिळलें, तिच्याच मुखासमोर त्या पुन्हां उभ्या राहिल्या. त्यांना कांहींच भय वाटलें नसेल काय? भूक म्हणजे काय हें ज्यानें अनुभविलें नाहीं तो एक वेळ निर्धास्त राहील. त्यांस तर तिचें रूप चांगलें ठाऊक होतें. तरीही त्या गेल्या.

कोणी म्हणतात कीं, श्रद्धेनें मनुष्य आळशी बनतो. नवस बोलून तो हातपाय गाळून बसतो. असे लोक आहेत, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण रमाबाईंच्या केडगांवच्या मुक्तिसदनांत प्रार्थनेबरोबर शेती, विणकाम व छापखानाही चाले. सन १९२१ मध्यें त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा वारली. तरी पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतराचें काम त्यांनीं हातचें सोडलें नाहीं. दुसऱ्याच वर्षीं, ५ एप्रिल १९२२ रोजीं, त्या निवर्तल्या. श्रद्धेनें त्यांचें एकही दुःख चुकविलें नाहीं. पण एकाही दुःखाला त्यांचें काम बंद पाडतां आलें नाहीं.

श्रद्धा ही कोणा एका धर्माची मिरास नव्हे. महात्मा गांधी लहानपणीं भुताखेतांना, चोरांना व सापांना फार भीत. अंधारांत निजण्याचाही त्यांना धीर होत नसे. रंभा नांवाच्या दाईनें त्यांस रामनामाचा जप सांगितला. त्या उपायापेक्षां रंभेवरच आपला अधिक विश्वास होता, असें त्यांनीं आत्मकथेंत प्रांजळपणें कबूल केलें आहे. जप लवकरच सुटला. परंतु बाळपणीं पेरलेलें तें बीं फुकट गेलें नाहीं, हेंही ते सांगतात.

पालकांनीं येथें क्षणभर थांबावें. मुलाची देवावरची श्रद्धा आधीं घरच्या वडील माणसांवर रुजते. बागुलबोवाचें भय घालून त्याला जेववावें, "नापास झालास तर घरांत पाऊल ठेवूं नकोस" असें बजावावें, आणि मग देव दयाळू आहे असें शिकवावें, हें कसें जुळावें? ज्याला बापाच्या पावलांच्या आवाजानें कांपरें भरतें, त्याला जगाच्या पित्याचा भरंवसा कोठून वाटावा?

विद्यार्थीमित्रहो, पुढील परीक्षेच्या सकाळीं प्रार्थनेस अवश्य या. मात्र मागणें थोडें बदला. जें येतें तें शांत चित्तानें लिहितां यावें, जें येत नाहीं तें शेजाऱ्याच्या कागदावरून घेण्याची बुद्धि होऊं नये, आणि निकाल कसाही लागो, तो घरीं खरा सांगण्याचें धैर्य व्हावें, एवढेंच मागा. त्या दिवशीं छाती धडधडेलच. धडधडूं द्या, आणि घरचा रस्ता धरा. दार उघडणाऱ्या वडीलधाऱ्यांनीं मात्र प्रगतिपुस्तकाआधीं मुलाच्या तोंडाकडे पाहावें, एवढी त्यांस आमची विनंति आहे.