फोन लागत नाही तेव्हा

22 जुलै 2021 हा दिवस महाड-पोलादपूरची माणसं विसरू शकत नाहीत. सावित्री नदीचं पाणी महाड शहरात शिरलं. तळिये गावावर दरड कोसळली आणि 80 हून अधिक माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही डोंगर खाली आला. वीज गेली, मोबाइल बंद पडले. रायगडच्या पायथ्याशी, पाचाडच्या आसपास ज्यांचं घर आहे अशा परदेशस्थ कुटुंबांच्या हाती तेव्हा फक्त फोन होता आणि तो लागत नव्हता.

हजारो मैलांवरून ना चिखल उपसता येतो, ना आईचा हात धरता येतो. दर पावसाळ्यात रेड अलर्टची बातमी आली की छातीत तीच धडधड सुरू होते. एरवीही म्हाताऱ्या आईवडिलांची दुखणी, नोकरीची टांगती तलवार, मध्यरात्री वाजणारा फोन हे सगळं आहेच. अशा वेळी मनाचं करायचं काय?

या प्रश्नाला त्याच डोंगरांत एक जुनं उत्तर आहे. महाड तालुक्यातल्या शिवथरघळीत समर्थ रामदासांनी दासबोध सांगितला, अशी परंपरा आहे. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी 1930 मध्ये या घळीचा शोध लावला. पावसाळ्यात तिच्या तोंडाशी धबधबा गर्जत असतो आणि आत माणूस शांत बसू शकतो. समर्थांच्या 205 मनाच्या श्लोकांत उपदेश ऐकणारं दुसरं कुणी नाही. हाक आहे ती स्वतःच्याच मनाला. परदेशातल्या आपल्या मंडळाच्या मुलांना हे श्लोक तोंडपाठ असतात. मनाला समोर बसवून त्याच्याशी बोलता येतं, हे मात्र त्यांना क्वचितच कुणी सांगतं.

दुसरं उत्तर इगतपुरीत सापडतं. सत्यनारायण गोएंकांनी 1969 मध्ये मुंबईत भारतातलं पहिलं विपश्यना शिबिर घेतलं. पुढे इगतपुरीचं धम्मगिरी हे या साधनेचं मुख्य केंद्र झालं. दहा दिवसांच्या शिबिरात पहिले तीन दिवस फक्त येणाऱ्याजाणाऱ्या श्वासाकडे पाहायचं. चौथ्या दिवसापासून अंगावरच्या संवेदना पाहायच्या: कुठे दुखतं, कुठे मुंग्या येतात, कुठे जड वाटतं. राग आला तर त्याला हाकलायचं नाही, त्याच्या मागेही धावायचं नाही. तो शरीरात कुठे जाणवतो, कसा चढतो आणि कसा ओसरतो, एवढंच पाहायचं.

अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी 1979 मध्ये ध्यानाचा आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम थेट रुग्णालयात नेला. 2014 मध्ये ध्यानावरच्या 47 चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला. ध्यानाने चिंता, नैराश्य आणि वेदना काही प्रमाणात कमी होतात, पण औषध किंवा व्यायामापेक्षा ते सरस ठरल्याचा पुरावा नाही, असं त्यातून दिसलं. 2022 मध्ये चिंताविकाराच्या 276 रुग्णांवर झालेल्या अभ्यासात हाच आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम एस्सिटालोप्रॅम या नेहमीच्या औषधाइतकाच उपयोगी पडला.

पण म्हणून चालू असलेली गोळी कुणी मनाने बंद करू नये. दरडीत घर गेलेल्या माणसाला डोळे मिटताच तेच दृश्य दिसू शकतं. त्याला एकट्याने तासन्‌तास बसायला लावणं हा उपाय नव्हे. त्याला समुपदेशक हवा, डॉक्टर हवा, जवळ बसणारं माणूस हवं. भारतातल्या नातेवाइकांसाठी सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची मोफत सेवा 14416 या क्रमांकावर आहे. हा क्रमांक घरच्या मंडळींच्या फोनमध्ये आजच साठवून द्यावा.

ज्या पाचाडचा उल्लेख सुरुवातीला आला, तिथेच जिजाऊंची समाधी आहे. 1674 च्या जूनमध्ये रायगडावर झालेल्या शिवरायांच्या राज्याभिषेकानंतर दोन आठवड्यांच्या आतच त्या गेल्या. गडावर सोहळा आणि पायथ्याशी शोक, दोन्ही एकाच महिन्यात. परदेशातल्या कितीतरी घरांत आज असंच चालतं: एका खोलीत मुलाचा वाढदिवस, दुसऱ्या खोलीत गावाकडचा फोन.

म्हणूनच मंडळाच्या प्रत्येक मासिक भेटीची सुरुवात यापुढे दहा मिनिटं शांत बसून करावी, असा संपादक मंडळाचा प्रस्ताव आहे. पाठ ताठ, फोन दाराबाहेर आणि लक्ष श्वासावर. नंतर ज्याला बोलायचं असेल त्याने बोलावं, ज्याला नुसतं बसायचं असेल त्याने बसावं. चहा त्यानंतर.

– संपादक मंडळ