माळावर खड्डे खणण्याआधी

मार्च जवळ आला की कंपन्यांच्या सीएसआर विभागांना पर्यावरणाची आठवण जरा जास्तच येते. कंपनी कायद्याच्या कलम 135 नुसार मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यातले दोन टक्के 2014 पासून समाजकार्यावर खर्च करावे लागतात. हा पैसा अनेकदा कंपनीच्याच फाउंडेशनमार्फत वाटला जातो आणि तिथे वृक्षारोपणाचा प्रस्ताव चटकन पसंत पडतो. रोप मोजता येते, शेजारी उभे राहून फोटोही निघतो.

पण खड्डे कुठे खणणार?

पुणे, सोलापूर, अहिल्यानगरकडची माळराने सरकारी दप्तरात बऱ्याचदा ‘पडीक’ म्हणून पडून असतात. प्रत्यक्षात तो लांडग्याचा, चिंकाऱ्याचा, धाविक पक्ष्याचा मुलूख. तिथे दाट झाडी उभी केली की गवत हटते आणि गवतावर जगणारेही हटतात. असा प्रस्ताव कितीही नेटका असला तरी फाउंडेशनने तो परत पाठवावा.

पैसा कुठे सत्कारणी लागतो, हे संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीत दिसले. 1996 मध्ये तिथे पाणलोटाचे काम सुरू झाले. त्याआधी उन्हाळ्यात टँकर ठरलेला आणि शेतात मजुरी वर्षातून जेमतेम तीन-चार महिने. काम झाल्यावर ती नऊ-दहा महिन्यांवर गेली. मात्र डोंगर सावरायचा तर चराईबंदी आली आणि तिचा पहिला फटका मेंढपाळांना बसला. पाणी मुरते खालच्या शेतकऱ्याच्या विहिरीत, चारा तुटतो वरच्या भूमिहीनाचा. बंदीच्या काळात मेंढ्या कुठे जाणार, याचे उत्तर नसलेला आराखडा अर्धवटच समजावा.

वेळेचाही मेळ बसत नाही. सीएसआर नियमांत ‘चालू प्रकल्पा’ला सुरुवातीचे वर्ष सोडून कमाल तीन वर्षे मिळतात, बंधाऱ्यात गाळ त्यानंतरही साचतच राहतो. मोठ्या कंपन्यांच्या एक कोटी किंवा त्याहून अधिक खर्चाच्या प्रकल्पांचे परिणाम काम संपल्यावर किमान वर्षभराने तपासले जातात. त्या वर्षी पाऊस चांगला झाला तर कुठलीही विहीर भरलेली दिसेल. देखभाल कोण करणार, कशातून करणार, हे म्हणूनच अर्ज मंजूर होण्याआधी ठरलेले हवे.

हिवरे बाजारने पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवली, शेतीसाठी बोअरवेल बंद केल्या. अशा निर्णयांना अनुदान लागत नाही, ग्रामसभा लागते. जिथे ती जागी आहे, तिथे थोडा पैसाही पुरतो.

तेव्हा अर्जासोबत जमिनीचा सातबारा आणि ग्रामसभेचा ठराव मागावा. ऑगस्टमध्ये कुठलाही डोंगर हिरवाच असतो. जागेची पाहणी मे महिन्यात करावी आणि त्या माळावर मेंढ्या चारणाऱ्यालाही सोबत बोलवावे.