शस्त्रपूजा आणि शस्त्रपरीक्षा

सन २०२४ च्या विजयादशमीस आम्ही सोनें द्यावयास अमरावतीहून अकोल्यास पुतण्याच्या घरीं गेलों होतों. एरवीं त्या घरांत सणाच्या दिवशीं हंशाला खळ नसतो. त्या दिवशीं मात्र सारीं माणसें गप्प दिसलीं. पुतण्याच्या धाकट्या मुलानें अग्निवीर होण्याचा निश्चय केला होता. आणि दोनच दिवसांपूर्वीं, १० ऑक्टोबरला, नाशिकजवळ देवळाली येथें तोफांचा सराव चालू असतां गोळा फुटून दोन अग्निवीर मृत्यु पावले होते. एक गुजराथचा, दुसरा बंगालचा. दोघेही विशीच्या उंबरठ्यावरचे.

पानें मांडतां मांडतां सूनबाईंनीं विचारलें, "मामंजी, रणांत मरण आलें तर आईनें मनाची समजूत तरी घालावी. पण शिकतांना आलेल्या मरणाला काय म्हणावें?"

तोफखान्यांत आमचीं चोवीस वर्षें गेलीं, म्हणून हा प्रश्न आम्हांस होता. उत्तर मात्र लगेच सुचलें नाहीं.

सैनिकाचें शिक्षण निर्धोक नसतें, हें वाचकांनीं जाणावें. पोकळ गोळ्यावर हात बसतो, धीर बसत नाहीं. त्यासाठीं खरा गोळाच लागतो. २६ डिसेंबर २०१९ रोजीं पुण्याच्या सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालयांत पूल बांधण्याचा सराव चालू असतां दोन जवान दगावले. तेथें तर तोफही नव्हती. हें मरणही सेवेंतीलच मरण होय, रणांतील मरणाहून उणें नव्हे, असें आम्हीं सूनबाईंस सांगितलें.

पण म्हणून त्यास दैव म्हणून हात जोडावे काय? तें आम्हांस मान्य नाहीं. आमच्या उमेदवारीच्या काळीं एकदां तोफ डागली, पण गोळा सुटला नाहीं. आमच्यांतील एक उतावीळ गडी तोफेचें मागील दार, म्हणजे ब्रीच, उघडावयास धांवला. उस्तादांनीं त्याचें मनगट धरून त्यास मागें खेंचलें आणि ठरलेला वेळ पुरा होईतों कोणास जागचें हलूं दिलें नाहीं. तेव्हां तो जाच वाटला. पुढें कळलें कीं, असा एकेक नियम कोणीतरी घरीं परतला नाहीं म्हणून झालेला असतो.

देवळालीच्या अपघाताची चौकशी सैन्यानें लावली, हें योग्यच झालें. दोष गोळ्याचा, फ्यूजचा, नळीचा कीं घाईचा, हें उघड झाल्यावांचून पुढची तुकडी सुरक्षित होत नाहीं. चौकशी हा मृतांचा अपमान नव्हे. त्यांस हार घालावयाचे आणि चूक मात्र बासनांत बांधून ठेवावयाची, हाच खरा अपमान.

खंडेनवमीस आपण शस्त्रांस हळदकुंकू वाहतों. तें अवश्य वाहावें. परंतु शस्त्र नीट तपासणें ही त्याहून मोठी पूजा. निघतांना आम्हीं नातवास एवढेंच सांगितलें, "बाळ, सैन्यांत 'आगे बढो' म्हणावयास सर्वच शिकवितील. 'थांबा' म्हणण्याचा धीर तूं घरूनच घेऊन जा."

सूनबाईंनीं 'जा' म्हटलें नाहीं, 'नको'ही म्हटलें नाहीं. त्यांनीं त्याच्या हातावर आपट्याचें पान ठेविलें.